मला बसवू नकोस

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनच नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी बांधलीय. लग्न होऊन हातखंब्याच्या आतल्या वाडीत आले, तर ती भिंगरी चाळीस वर्षं शेत, गोठा नि विहीर एवढ्यातच फिरली. आता वय बासष्ट. गोठा रिकामा, शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं, नवरा जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा विनोद नालासोपाऱ्यात. मग मी करायचं काय? पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी? ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी बॅटरीवरची दुचाकी गाडी घेतली.

आमच्या वाडीत एसटी दिवसातून दोनदा येते, आली तर. एरवी बाजारात जायचं म्हणजे कुणाच्या तरी अंगणात जाऊन उभं राहायचं. "निलेश, हातखंब्याला चाललास काय रे? मला सोडशील?" वाडीतला निलेश सोडायचा, खोटं कशाला बोलू? पण आधी विचारायचा, "काकी, काम काय काढलंत?" आता काम काय! सांगण्याजोगं काम असलं तरच बाईमाणसानं घराबाहेर पडायचं काय? मला कधीकधी नुसतं हायवेच्या टपरीवर उभं राहून ट्रक बघत चहा प्यावासा वाटायचा. हे निलेशला कसं सांगणार? मग मी सांगायची, गुडघ्याच्या गोळ्या आणायच्यात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. उगाच गोळ्या आणून फडताळात ठेवायची.

गाडीला लायसन लागत नाही, कारण ती पळतच नाही. पंचवीसच्या वर काटा जात नाही. शिकले वरच्या सड्यावर. सडा म्हणजे मैलभर सपाट कातळ, आपटायला झाड नाही, धडकायला दगडी गडगा नाही. शेजारची येसूबाई बघायला आलेली. ती दगडावर बसून हसत होती आणि मधूनच ओरडत होती, "प्रेमला, मेलीस तर सांग गो!" तीन दिवस मी पडले, उठले, शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी सड्याच्या टोकापर्यंत गेले नि वळून आले. येसूबाई हसायची थांबली. म्हणाली, "माका पण बसव."

या गाडीला आवाज नाही, हे मला सगळ्यात आवडलं. कुणाच्या घरावरून गेलं तर आतला कुकर ऐकू येतो, भांडण ऐकू येतं. चढावर शाळेतली पोरं सायकली ढकलत माझ्याबरोबर चालतात, उतारावर मला मागे टाकतात. टाकू देत. मला कुठं वेळेत पोचायचंय? मी चार्जर पिशवीत टाकून निघायची. रत्नागिरीत नाचण्याला मावसबहीण मथुरा राहते, तिच्याकडे गाडी लावायची. चार तास चार्जिंग, तोवर मथुरेचं डोकं खायचं, मग पुढं पावसला. तिथं नारळाच्या बागेत एक ओळखीची बाई आहे, तिच्या पंपाच्या खोलीत पुन्हा चार्जर लावायचा आणि समुद्राकडे जाऊन यायचं. काम काही नाही. कुणी विचारलंच तर तोंडावर सांगायची, "काम नाही. आलेय." अहाहा! काय वाटतं ते बोलताना!

तर दीड वर्षं असं मजेत चाललं, आणि जानेवारीत मी माती खाल्ली. पावसच्या बाईनं वीस नारळ दिले. नको कशाला म्हणू? पायाशी पोतं ठेवलं नि निघाले. ओझ्यानं बॅटरी लवकर उतरते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हातखंब्याच्या अलीकडच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली आणि मेली. ढकलायला गेले, तर नव्या रस्त्याच्या कडेवरून चाक घसरलं, गाडी एकीकडे, मी एकीकडे, नारळ उतारावरून गडगडत खाली. कोपर सोलवटलं. एक टेम्पोवाला थांबला, भला माणूस. त्यानं गाडी मागे कोंबड्यांच्या खुराड्यांत चढवली, मला पुढं बसवलं. हातखंब्याला नितेशनं बघितलं. नितेश आमच्याच वाडीतला, रिक्षा चालवतो. मेल्यानं आधी फोटो काढला, मग विचारलं, "काकी, लागलं काय?" संध्याकाळपर्यंत फोटो वाडीच्या ग्रुपवर. कोंबड्यांमध्ये माझी गाडी, आणि खिडकीत माझं तोंड. विनोदनं नालासोपाऱ्यात बघितला.

फोन आला. "आई, गाडी विक."

"का म्हणून?"

"पडलीस तू."

"पडले नि उठले. तुझ्याकडे मागायला आले काय मलम?"

तो म्हणाला, "बाबा गेले तेव्हा काकांचा फोन आला. मी ड्यूटीवर होतो. दहा तास लागले मला पोचायला. तोपर्यंत सगळी तयारी झालेली. मला तसला फोन पुन्हा नकोय आई." मला तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड! मी म्हटलं, "म्हणजे तुला फोन येऊ नये म्हणून मी पडवीत बसून मरू काय?" त्यानं फोन ठेवला.

शिमग्याला आला, सूनबाई दीपालीला घेऊन. पाया पडला, चहा प्यायला, आणि पहिल्यांदा काय केलं, तर चार्जर उचलून आपल्या बॅगेत टाकला. भांडलासुद्धा नाही. गाडी खळ्यात उभी, बॅटरीची एक रेघ शिल्लक. एका रेघेत मी येसूबाईच्या घरापर्यंत जाऊन येईन, बस. चार दिवस मी नुसती आतबाहेर करत होते. पालखी यायची म्हणून घर सारवलं, लख्ख झालेली समई पुन्हा घासली, दीपालीनं चिरलेले कांदे पुन्हा बारीक चिरले. ती पोर शहाणी आहे. शेवटी माझ्या हातातली सुरी काढून घेत म्हणाली, "आई, तुम्हाला एक सांगू? चिडणार नाही ना?"

"चिडणार. सांग."

"ह्यांनी सहदेवकाकांना सांगितलंय. पालखी आली की तुमच्या गाडीचं गाऱ्हाण्यात घालायला."

मी चिरलेले कांदे तिथंच टाकून उठले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते. घराच्या दारात ती टेकली की गावकर, म्हणजे वाडीचा मानकरी, हातात नारळ घेऊन त्या घराच्या वतीनं देवाशी बोलतो. हे मागतो, ते सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळी वाडी एका आवाजात म्हणते, "व्हय महाराजा!" एकदा व्हय महाराजा झालं की झालं. मग ते मोडायची कुणाची छाती होत नाही. माझी तर नाहीच, कारण मी ते वापरून बसलेय. माझा नवरा प्यायचा. वीस वर्षांपूर्वी, अशाच शिमग्यात, मी त्याला न विचारता सहदेवभावजींना सांगितलं, यांची दारू गाऱ्हाण्यात घाला. भावजी माझा दीर आणि वाडीचा गावकर. त्यांनी घातलं. सगळ्या वाडीसमोर. नवरा हात जोडून खाली मान घालून उभा होता. त्यानं पुन्हा कधी थेंब घेतला नाही. पण त्या दिवशी तो जेवला नाही, आणि त्या गोष्टीवर माझ्याशी मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मला वाटायचं, मी जिंकले. आता माझ्यावर आली, तेव्हा कळलं त्याला भर अंगणात कसं वाटलं असेल. लाज वाटली मला. पण लाज वाटली म्हणून मी गाडी सोडणार होते थोडीच!

तडक सहदेवभावजींच्या घरी गेले. चालत. ते पालखीच्या दांड्याला तेल लावत बसलेले.

"भावजी, माझ्या गाडीचं तुम्ही बोलायचं नाही."

"वैनी, विनोद घरातला कर्ता माणूस. त्यानं सांगितलं, मी बोलणार."

"आणि मी कोण? घरातली मांजर?"

"तुमच्याच भल्याचं आहे हो."

"माझं भलं मी बघते! तुमच्या गुडघ्यांचं बघा तुम्ही!"

ते हसले नि पुन्हा तेल लावायला लागले. अशा वेळी माणूस हसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. परत येताना मी दोनदा वाट चुकले. माझ्या स्वतःच्या वाडीत!

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ढोल जवळ आला. ऊन मी म्हणत होतं. अंगणात सगळी वाडी जमली, मुंबईकर पोरं मोबाइल वर करून उभी. पालखी धरणाऱ्यांच्या पायांवर मी पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, ओवाळलं. देवावर माझा विश्वास आहे, तीच अडचण होती. विश्वास नसता तर म्हटलं असतं, बोला काय बोलायचं ते, मी उद्या गाडी काढणारच. पण एकदा देवासमोर शब्द गेल्यावर मी त्या गाडीवर बसू शकले नसते. ते मला पक्कं माहीत होतं आणि विनोदलाही माहीत होतं. म्हणून तर त्यानं माझ्याशी भांडण केलं नाही. माझंच पोर, माझ्याच वळणावर गेलेलं.

सहदेवभावजींनी नारळ हातात घेतला, घसा खाकरला.

"बा देवा महाराजा, आज तू या दारात आलास, लेकरांनी केलेली चुकीमाकीची सेवा गोड मानून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"मुंबैची लेकरं आलीत, त्यांना सुखाचं आण नि सुखाचं ने रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आंब्या-काजूवर कुणाची वाकडी नजर पडली असेल ती मोडून काढ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

मी बघत होते. येसूबाई डोळे मिटून म्हणत होती. नितेश मोबाइलमध्ये बघत म्हणत होता. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत म्हणत होती. भावजी काय बोलतायत ते कुणी ऐकत नव्हतं, "रे महाराजा" आलं की तोंडं आपोआप उघडत होती. विनोद माझ्या शेजारी होता, हात जोडून, डोळे मिटून, आणि त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा. वीस वर्षांपूर्वी मीही अशीच म्हणत होते.

भावजींनी श्वास घेतला. "आणि या घरची माउली..."

"बा देवा महाराजा!" मी ओरडले.

भावजी थांबले. ढोलवाल्याची काठी वरच्या वर राहिली. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. घालू नये असं कुणी कधी सांगितलेलं नाही, घालत नाहीत एवढंच. मला पुढचं काही सुचत नव्हतं, पण थांबले तर भावजी बोलणार, म्हणून मी थांबलेच नाही.

"चाळीस वर्षं तुझ्या वाटेवर पाणी घातलं, स्वतःसाठी कधी काय मागितलं नाही रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. सवयीनं, मोठ्यानं.

"अजून माझे हातपाय धड आहेत, मला एका जागी बसवू नकोस रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"माझी गाडी माझ्या हातून कुणी काढून घेऊ नये रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

अंगात वारं शिरलं माझ्या. जमलं! वाडीनं दिलं! आता थांबायचं ना? पण माझी जीभ सुटली की मला आवरत नाही. त्या एका फोनचा राग होता, चार्जरचा होता, भावजींच्या हसण्याचा होता.

"आणि पडले तर माझी मी उठेन, लेकाला फोन करणार नाही, हाक मारणार नाही रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

विनोदचा आवाज पुन्हा सगळ्यांत मोठा. मग त्याचे डोळे उघडले. बाकीच्यांनाही एकेक करून कळायला लागलं. नितेश फसकन हसला. येसूबाईनं तोंडाला पदर लावला. भावजींनी नारळ बघितला, मला बघितलं, आणि काहीच करता येईना म्हणून नारळ फोडला. ढोल सुरू झाला, पालखी नाचत पुढच्या घराकडे गेली. मी गुलालात न्हाऊन अंगणात उभी. जिंकले होते.

विनोद घरात गेला. मला वाटलं, आता भांडणार. मी कंबरेला पदर खोचूनच आत गेले. तर त्यानं बॅगेतून चार्जर काढला, गाडीला जोडला, बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग तिथंच उकिडवा बसून राहिला.

"आई, तू शेवटी काय बोललीस?"

"काय बोलले?"

"पडलीस तर मला हाक मारणार नाहीस."

"अरे, रागात माणूस..."

"मी व्हय म्हटलं त्याला. माझ्या तोंडानं. देवासमोर."

त्याचा चेहरा बघवेना. बाप गेल्यावर दहा तास प्रवास करून दारात उभा राहिला होता, तेव्हा असाच दिसत होता. मी माझं बसणं चुकवायला गेले आणि त्याची जी एक गोष्ट होती, हाकेला धावून येण्याची, तीच देवाला देऊन टाकली. काय बाई मी! कुठं आणि कधी थांबायचं ते कळतच नाही मला.

दुपारी पुन्हा भावजींकडे गेले. पालखी जेवणासाठी थांबलेली. त्यांना बाजूला घेतलं.

"भावजी, ते शेवटचं एक वाक्य तेवढं मागे घेता येईल काय?"

"वैनी, तो काय सातबारा आहे, दुरुस्ती करायला?" म्हणाले. मग माझं तोंड बघून त्यांचा आवाज खाली आला. "भावाची दारू सुटली तेव्हा तो मला एकदा म्हणाला होता, सहदेव, मी आपणहून सोडली असती तर बरं झालं असतं. मी त्यालाही सांगितलं, आता नाही मागे घेता येत." हे त्यांनी मला वीस वर्षांत सांगितलं नव्हतं. मी परत आले.

संध्याकाळी गाडीवर हिरवा दिवा लागला. पूर्ण भरलेली. चार दिवस जिच्यासाठी जीव कासावीस झाला होता ती गाडी समोर, किल्ली हातात, आणि मला तिच्याजवळ जाववेना. पडवी ते खळं, खळं ते पडवी. दीपाली म्हणाली, "आई, एक फेरी मारून या." मी तिच्यावरच खेकसले. मग तिची माफी मागितली. मग पुन्हा खेकसले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्यांना मुंबई गाठायची होती. नितेशची रिक्षा आली. बॅगा, तांदळाचं पोतं, कोकमं, दीपाली, एवढ्यात रिक्षा भरली. विनोद एक पाय आत घालून थांबला, पाय बाहेर काढला आणि माझ्याकडे आला.

"मला सोडशील हातखंब्यापर्यंत?"

मी हेल्मेट घातलं, गाडी काढली. तो मागे बसला. पंचाऐंशी किलोचं माझं बाळ. वाटेत पहिल्याच चढावर गाडी कण्हायला लागली तसा तो उतरला आणि बाजूनं चालायला लागला. मी चालवतेय, तो चालतोय, आमचा वेग एकच. बरंच अंतर आम्ही असे गेलो. वर पोचल्यावर तो दम खात म्हणाला, "आई, तू बोललीस की तू फोन करणार नाहीस."

"बोलले रे. झालं ना आता! किती वेळा टोचशील?"

"मी करायचा नाही, असं कुठं बोललीस?"

मी ब्रेक दाबला.

"रोज करीन," तो म्हणाला. "तू हाक मारायची नाहीस, ठीक आहे. मी विचारीन, पडलीस काय. पडली असलीस तर हो म्हण. त्यानं तर शब्द मोडत नाही ना?"

मी मान हलवली. तो पुन्हा मागे बसला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सड्यावर शिकत होते तेव्हापासून माझ्या मागे कितीजण बसले, येसूबाई बसली, मथुरा बसली, सगळे घट्ट धरतात. यानं नुसता ठेवला.

हातखंब्याला एसटी उभीच होती. दीपालीनं जागा धरलेली. विनोदही चढला. कंडक्टर चहाला गेला होता म्हणून गाडी सुटेना, आणि मला तिथं उभं राहवेना. खिडकीतून कोण किती वेळ हात हलवणार? मी म्हटलं, "जाते मी," आणि रस्ता ओलांडून पलीकडे आले. घराकडे वळायचं की रत्नागिरीकडे, ठरत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हेल्मेटची काच खाली असली की पुसता येत नाही. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. काच वर केली, फोन घेतला.

"आई, पडलीस?"

"अरे मेल्या, अजून निघालेही नाही मी!"

"बरं," तो म्हणाला. "मग उद्या पुन्हा विचारीन."

मी मान वर केली. रस्त्याच्या पलीकडे एसटी अजून तिथंच उभी होती. खिडकीत तो, एका हातात फोन. मी हात केला. त्यानं नाही केला, त्याचा दुसरा हात डोळे पुसण्यात गुंतला होता.